प्रथमच पायी वारीस निघणाऱ्या भाविकांसाठी

आयुष्यात एकदा तरी पंढरीची पायी वारी घडावी, ही इच्छा अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे असते. ज्येष्ठ महिना जवळ आला की भक्तनिवासात उतरणारी मंडळी, विशेषतः शहरांतून आलेली, याविषयी आवर्जून विचारणा करतात. प्रश्न बहुधा ठरलेले असतात : अंतर किती, दिवस किती, सामान काय घ्यावे. त्यांची उत्तरे पुढे दिली आहेतच. परंतु जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा, तो सहसा कोणी विचारीत नाही. तो प्रश्न असा की, आपण कोणाबरोबर चालणार आहोत? वारी दिंडीतून चालावयाची असते, आणि दिंडी निश्चित झाली की पहिल्या वारीची निम्मी तयारी झालीच म्हणून समजावे.

श्रीतुकोबारायांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी दुसऱ्या दिवशी, अष्टमीस, आळंदीहून प्रस्थान ठेवते. दोन्ही पालख्या पुण्यास मुक्काम करून निरनिराळ्या मार्गांनी आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरात पोहोचतात. तुकोबारायांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. माउलींच्या सोहळ्यास आजचे स्वरूप १८३२ पासून हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. हैबतबाबा हे शिंदे सरकारांच्या पदरी असलेले सरदार होते. दिंड्यांचे अनुक्रम, चोपदारांचा मान, तळावरील शिस्त यांत त्या लष्करी वळणाची खूण आजही दिसते. माउलींचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, तोही याच परंपरेचा भाग आहे. प्रस्तुत लेखात माउलींच्या मार्गाचा विचार केला आहे. अन्य पालख्यांबरोबर जाणाऱ्यांस त्यातील बहुतेक सूचना तशाच लागू पडतील.

दिंडी कशी निश्चित करावी

माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात व रथामागे त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक दिंडीस क्रमांक असतो. येथे नवख्या वारकऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रथापुढील व रथामागील क्रमांक स्वतंत्र आहेत. म्हणजे रथापुढे पंधरा क्रमांकाची दिंडी आहे, तशी रथामागेही आहे. नुसता 'पंधरा' हा आकडा पाठ करून गर्दीत चुकलेला मनुष्य भलत्याच तळावर जाऊन बसतो आणि त्याची मंडळी दुसरीकडे शोध घेत राहतात. दिंडीचा क्रमांक, तो पुढचा की मागचा, आणि दिंडीचालकांचा दूरध्वनी क्रमांक हे तिन्ही कागदावर लिहून खिशात ठेवावे. लाखोंच्या गर्दीत मोबाईलचे जाळे कोलमडते, चार्जिंगची सोय प्रत्येक तळावर मिळत नाही, आणि आपल्या मुलाचा क्रमांकसुद्धा हल्ली कोणास पाठ नसतो.

आपल्या गावातून किंवा पंचक्रोशीतून दिंडी जात असल्यास तिच्याबरोबरच जावे. ओळखीची माणसे, ओळखीची बोली आणि ओळखीचे जेवण या तीन गोष्टी आठव्या-नवव्या दिवशी किती मोलाच्या ठरतात, हे घरी बसून कळत नाही. अशी दिंडी नसल्यास कार्तिकी अथवा माघी एकादशीस, निदान चैत्रापर्यंत, एखाद्या दिंडीच्या विणेकऱ्यांस किंवा चालकांस प्रत्यक्ष भेटावे. जेवण व निवाऱ्याच्या खर्चासाठी दिंडीत भिशी घेतली जाते. तीत काय अंतर्भूत आहे, सामान वाहण्यास ट्रक आहे काय, राहुटीत जागा मिळते की मोकळ्यावर झोपावे लागते, स्नानास टँकर असतो काय, स्त्रियांसाठी कोणती व्यवस्था आहे, हे सर्व संकोच न करता विचारावे. पैशांचा विषय काढणे भक्तीस कमीपणा आणणारे आहे अशी समजूत करून घेऊ नये. चांगला दिंडीचालक अशा प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो त्याच्या दिंडीत न गेलेले बरे.

माळेविषयी दोन शब्द. वारीत चालण्यासाठी गळ्यात तुळशीची माळ असलीच पाहिजे असा नियम नाही. माळ घालणे म्हणजे एकादशीचे व्रत, मद्य-मांसाचा त्याग आणि वारीचा नेम यांचा जन्मभरासाठी स्वीकार करणे होय. निघण्याच्या उत्साहात माळ घालून श्रावणात ती उतरवून ठेवण्यापेक्षा पहिली वारी तशीच करावी व पुढे मन स्थिर झाल्यावर आपल्या परंपरेतील अधिकारी व्यक्तीकडून माळ घ्यावी.

पहिले चार दिवस

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर असून ते १८ ते २० दिवसांत चालावयाचे असते. तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाल्यास मुक्कामांत बदल होतो. म्हणून त्या वर्षीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे, गतवर्षीच्या पत्रकावर विसंबू नये. अंतरास दिवसांनी भागिले की रोजची मजल अगदी थोडी दिसते, आणि येथेच नवख्यांची फसगत होते.

प्रस्थानाच्या रात्री पालखी आळंदीतच मुक्काम करते. नवमीस आळंदी ते पुणे हे सुमारे २० ते २२ किलोमीटर अंतर होते. दशमीस पुण्यात विश्रांती. त्यानंतर पुणे ते सासवड हा संपूर्ण वारीतील सर्वांत मोठा टप्पा येतो, सुमारे ३० किलोमीटरांचा. त्यात दिवे घाटाची चढण आहे, आणि बहुतेक वर्षी तो दिवस एकादशीचा असतो. म्हणजे चालण्याच्या दुसऱ्याच दिवशी सर्वांत मोठी मजल, घाट आणि उपवास हे तिन्ही एकत्र येतात. पाऊस लांबला असेल तर डोक्यावर ऊन असते. लागला असेल तर भिजलेले कपडे व भिजलेली पादत्राणे असतात. सासवड येथे दोन रात्रींचा मुक्काम आहे, हे माउलींचे उपकारच म्हणावयाचे. तेथून पुढे जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव व वाखरी असे मुक्काम होत पालखी जाते. यांपैकी लोणंद-तरडगावसारखे टप्पे लहान आहेत, तर काही २० किलोमीटरांच्या आसपास जातात. परंतु सासवडपर्यंत ज्याचे पाय शाबूत राहिले त्यास पुढील मार्ग सहसा जड जात नाही.

प्रस्तुत लेखकाची पहिली वारी सासवडलाच मोडली. वारीसाठी म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी चांगले महागाचे बूट विकत घेतले होते. हडपसर ओलांडले तेव्हाच टाचेस काहीतरी टोचू लागले. दिंडीत सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालत असता आपण थांबावे, याची लाज वाटली. घाटात पायमोजा ओला लागला, तो घामाने असेल असे स्वतःस समजावले. तळावर बूट काढला तेव्हा दोन्ही टाचांचे कातडे मोज्याबरोबर निघून आले. रात्री ताप भरला. दुसऱ्या दिवशीही ही गोष्ट कोणास सांगितली नाही. तिसऱ्या पहाटे उभे राहवेना, तेव्हा विणेकरी बाबांनी पाय पाहिले, काहीही न बोलता पाणी गरम करावयास सांगितले आणि मला सामानाच्या ट्रकमध्ये बसविले. जेजुरी आणि वाल्हे हे दोन्ही टप्पे मी ताडपत्रीवर बसून, भांड्यांची राखण करीत पार केले व पुष्कळ रडलो. लोणंदपासून दुसऱ्याच्या जुन्या चपला घालून पुन्हा चालू लागलो. त्या वर्षी विठ्ठलास पोहोचलो, पण ती दोन दिवसांची उणीव मनातून जावयास बरीच वर्षे लागली. फोड आले होते ते बुटांमुळे. ताप आला तो लपविल्यामुळे.

पायांची तयारी

सराव चैत्रात सुरू करावा. प्रारंभी रोज तीन-चार किलोमीटर चालावे आणि दर आठवड्यास थोडे थोडे वाढवीत जावे. ज्येष्ठ लागण्यापूर्वी निदान दोन वेळा, लागोपाठच्या दोन दिवशी, प्रत्येकी १५ किलोमीटर चालून पाहावे. एका दिवसात पुष्कळ अंतर कापणे फारसे अवघड नाही. पोटऱ्या भरून आलेल्या असताना दुसऱ्या पहाटे पुन्हा उठून चालणे हीच खरी परीक्षा आहे. हा सराव बागेतील मातीच्या वाटेवर न करता डांबरी रस्त्यावर, खांद्यावर पिशवी घेऊन आणि वारीत वापरावयाची तीच पादत्राणे घालून करावा. पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. त्यानंतर मार्ग रुंद झाला, परंतु सिमेंटचा रस्ता पायांस डांबराहून कठीण लागतो आणि पूर्वीची झाडांची सावली अनेक ठिकाणी उरलेली नाही.

बूट, सँडल की चपला, हा वाद वारकऱ्यांत दरवर्षी रंगतो. जे पायास सरावले आहे तेच उत्तम, एवढेच त्यात तथ्य आहे. अनवाणी चालण्याचा संकल्प मात्र जन्मभर शेतात अनवाणी वावरलेल्यांनीच करावा. मधुमेह असलेल्यांनी तो मुळीच करू नये. त्यांच्या तळपायाची संवेदना मंदावलेली असू शकते, काटा रुतला तरी कळत नाही, आणि अशी लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. त्यांनी रोज सायंकाळी, कंदिलाच्या अथवा विजेरीच्या उजेडात, दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या दुसऱ्या कोणाकडून तरी पाहून घ्याव्यात.

निघण्यापूर्वी नखे कापावीत. चालावयास लागण्याआधी टाचा, बोटे आणि मांड्यांच्या आतील बाजूस व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावावे. मांड्या घासून सोलवटणे ही फोडांइतकीच पीडा आहे, केवळ तिच्याविषयी कोणी बोलत नाही. पायमोजे सुती असावेत व ओले होताच बदलावेत. फोड आल्यास तो फोडू नये. आपोआप फुटल्यास स्वच्छ पाण्याने धुऊन, औषध लावून, पट्टीने झाकावा. आणि टोचू लागले त्याच क्षणी थांबावे. पाच मिनिटे थांबून पुन्हा दिंडी गाठता येते.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने निघण्यापूर्वी महिनाभर आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, हृदयविकार किंवा मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांस स्पष्ट सांगावे की, अमुक दिवशी ३० किलोमीटर चालावयाचे आहे व त्या दिवशी एकादशी आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून उपवास करणे आणि त्यातच घाट चढणे हे प्राणावर बेतू शकते. त्या दिवशी काय खावे व औषधाचे प्रमाण काय असावे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि ते पाळावे. खिशात साखर ठेवावी.

सामान

जितके कमी तितके सुख. दोन-तीन जोड सुती कपडे, पंचा अथवा टॉवेल, अंथरावयास सतरंजी, पांघरूण, मोठे मेणकापड, ताट-वाटी-तांब्या, विजेरी, टोपी अथवा उपरणे एवढे पुरे. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून मग बॅगेत भरावेत, कारण ट्रकवरील ताडपत्री प्रत्येक सरीस दाद देतेच असे नाही. बॅगेवर नाव, गाव आणि दिंडी क्रमांक ठळक लिहावा. औषधे वीस दिवसांची घेऊन निम्मी बॅगेत व निम्मी खांद्यावरील पिशवीत ठेवावीत. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. भगिनींनी मासिक पाळीच्या दिवसांचे साहित्य पुरेसे बरोबर घ्यावे. वाटेतील लहान गावांत त्या गर्दीत ते मिळेलच याची शाश्वती नसते.

वाटेवर

दिवस पहाटे तीनच्या सुमारास सुरू होतो. स्नान, काकडा, चहा, आणि उजाडता उजाडता पालखी हलते. पुढे पताकाधारी, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि तुळशीवृंदावन घेतलेल्या भगिनी अशी दिंडीची रचना असते. आपणांस जी ओळ दिली असेल ती सोडू नये. अभंगांचा क्रम ठरलेला असतो. पाठ नसल्यास ध्रुवपद धरावे, टाळ वाजविता येत नसल्यास टाळी वाजवावी. तेथे सर्वांस 'माउली' म्हणूनच हाक मारतात आणि वयाने मोठा मनुष्यही लहानाच्या पायास हात लावतो. नवख्या माणसास पहिल्या दिवशी याचा फार संकोच वाटतो.

पाणी तहान लागण्यापूर्वी थोडे थोडे प्यावे. स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने पुष्कळ भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचा दाह, ताप, चक्कर यांस बळी पडतात. अलीकडच्या वर्षांत तळांवर फिरती शौचालये ठेवली जातात. ती कोठे आहेत हे तळावर पोहोचताच पाहून ठेवावे. अतिसार झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट घ्यावे; चमचा चहाचा असावा.

खाण्याविषयी थोडे कठोर लिहावे लागेल. वाटेत जागोजागी केळी, भजी, लाडू, उसळी, चहा हातात ठेवला जातो. देणाऱ्याचे मन मोडवत नाही म्हणून प्रत्येक ठिकाणी खाणारा मनुष्य तिसऱ्या दिवशी आजारी पडतो. हात जोडून पुढे जावे, प्रसाद म्हणून कणभर घ्यावा, आणि पोटभर जेवण दिंडीतच, गरम असतानाच करावे.

अंधारात दिंडी सोडून एकट्याने महामार्गावरून चालू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये आळंदीकडे निघालेल्या एका दिंडीत दिवे घाटात जेसीबी यंत्र शिरून वारकऱ्यांचे प्राण गेले, ही घटना विसरता येण्याजोगी नाही. रस्त्याच्या ज्या बाजूस वाहतूक बंद केली आहे त्याच बाजूने चालावे, आणि विसाव्यासाठी उभ्या वाहनाच्या पुढे किंवा खाली आडवे होऊ नये.

सायंकाळी तळावर समाजआरती होते. थकव्यामुळे पुष्कळ नवखे ती चुकवितात व आडवे होतात. तसे करू नये. सर्व दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात एवढा अफाट समुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार त्यांच्याकडे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची आणि माणसांची घोषणाही तेथेच होते, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळही तेथेच कळते. कोणी चुकला असेल तर त्याने समाजआरतीच्या जागी यावे, असे आपसांत आधीच ठरवून ठेवणे सोयीचे पडते.

वाहनात केव्हा बसावे

ताप असताना, छातीत दुखत किंवा धाप लागत असताना, उलट्या-जुलाब चालू असताना, चक्कर येत असताना, अथवा पायाच्या जखमेभोवती लाली व सूज पसरत असताना चालू नये. वाटेवरील वैद्यकीय पथकास दाखवावे, दिंडीचालकांस सांगावे आणि ते म्हणतील तर ट्रकमध्ये बसावे. काही वेळा घरी परतणेच योग्य असते. २०२० साली महासाथीमुळे माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी. बसने पंढरीस गेल्या. त्या वर्षी घरी राहिलेल्या लाखो वारकऱ्यांची वारी खंडित झाली असे कोणी मानले नाही.

ज्यांस संपूर्ण वारी झेपणार नाही त्यांनी प्रारंभी एखादाच टप्पा चालावा. त्यासाठी पुणे-सासवड हाच टप्पा निवडण्याची शहरांत रीत पडली आहे. वरील विवेचनानंतर ती कितपत सुज्ञपणाची आहे हे सांगावयास नको. सासवड ते जेजुरी किंवा लोणंद ते तरडगाव हे टप्पे नवख्यांस अधिक मानवतात. लोणंदच्या अलीकडे नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते, आणि तरडगावापूर्वी चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, हा लाभ वेगळाच.

दात्यांस विनंती

वारीत अन्नाची ददात नसते. बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या लहान बाटल्या यांचे वाटप पुण्याजवळ इतके होते की रस्ता त्यांनीच भरून जातो. फलटणच्या पुढे, माळशिरस तालुक्याच्या उन्हात, मदत करणारे हात विरळ होतात. ज्यांस सेवा करावयाची आहे त्यांनी या पुढील टप्प्यांचा विचार करावा. शुद्ध पाण्याचा टँकर, पाय शेकण्यास गरम पाणी, मलमपट्टी, स्त्रियांच्या स्नानासाठी आडोसा आणि दिवे यांची तेथे नितांत गरज असते. वस्तू पाठविण्यापूर्वी दिंडीस काय हवे हे विचारून घ्यावे.

पंढरपुरात

वाखरीस सर्व संतांच्या पालख्या एकत्र येतात. तेथून पंढरपूर केवळ पाच-सहा किलोमीटर आहे, परंतु त्यास दुपार आणि सायंकाळ पुरत नाही. एकादशीस चंद्रभागेचे स्नान व नगरप्रदक्षिणा करावी. नदीस पाणी अधिक असल्यास काठावरच, दोर किंवा कठडा असेल तेथेच स्नान करावे. पदस्पर्श दर्शनाची रांग कित्येक तास, प्रसंगी दिवसाहूनही अधिक चालते. वीस दिवस चाललेल्या पायांनी त्या रांगेत उभे राहावे काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या प्रकृतीनुसार करावा. असंख्य जुने वारकरी नामदेव पायरीचे व कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततात, आणि पुढे कधी गर्दी नसताना येऊन चरणी माथा ठेवतात.

सोहळ्याची सांगता पौर्णिमेस गोपाळपूर येथील काल्याने होते. तोवर राहणाऱ्यांनी निवाऱ्याची सोय आधीच करून ठेवावी. एकादशी आटोपताच निघणाऱ्यांनी द्वादशीच्या सकाळी बसस्थानकावर जाऊ नये. त्या दिवशी उभे राहावयासही जागा नसते. एक दिवस थांबून, जेवून, पाय पसरून झोपावे आणि मग गाडी धरावी.